घाट चढून आलात? लगेच चावी फिरवू नका

मुंबईहून माल भरून निघालेली गाडी कसारा घाट चढते, इगतपुरीच्या अंगाला येते आणि घाटनदेवीपाशी ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो. देवीला हात जोडायचे असतात, चहाही हवा असतो. हँडब्रेक ओढला की हात आपोआप चावीवर जातो. घाटभर खालच्या गिअरमध्ये जीव काढून ओढणारं इंजिन एका क्षणात गप्प होतं. कानाला बरं वाटतं. टर्बोचे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या यंत्राचे, हाल मात्र तिथून पुढे सुरू होतात.

जोर लावून आलेलं इंजिन लगेच बंद करायचं नाही, काही मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, हे गाडीवर नव्यानं चढणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. लायसन्सच्या परीक्षेत हे कोणी विचारत नाही, डॅशबोर्डवर यासाठी दिवा पेटत नाही, आणि चूक केली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते वर्षा-दोन वर्षांनी, आणि तेव्हा सगळे ऑइलला नाहीतर कंपनीला शिव्या घालतात. माझ्या पहिल्या गाडीचा टर्बो मी असाच घालवला. मीही आधी ऑइललाच शिव्या घातल्या होत्या.

गोष्ट ट्रकची असली तरी टर्बो असलेला पिकअप, मालाचा टेम्पो, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा मोठा ट्रॅक्टर, बोअर मारणाऱ्या गाडीवरचा कॉम्प्रेसर या सगळ्यांना तीच लागू आहे. इंजिन डिझेलचं आहे, त्याला टर्बो आहे आणि ते जोर लावून आलंय, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की पुढचं वाचा.

आत काय चाललेलं असतं

इंजिनातून बाहेर पडणारा धूर सायलेन्सरकडे जाता जाता एक चक्र फिरवतो. त्या चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते. टर्बो म्हणजे एवढंच. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ रचना आजही तीच आहे.

आता आकडे बघा. भरलेली गाडी चढावर असते तेव्हा इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेत असतं, पण टर्बोचा दांडा लाखाच्या आसपास जातो. धुराच्या बाजूचं तापमान ५०० ते ६५० अंश सेल्सिअस. अंधारात केबिन उचलून पाहिलं तर तिथलं बीड कधी कधी लालसर दिसतं. आणि या लाल बिडापासून चार बोटांवर, मधल्या भागात, दांड्याचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो ती बेअरिंगं, असतात.

एवढ्या वेगात फिरणारा दांडा बुशाला टेकत नाही, तो तेलावर तरंगतो. इंजिनाचंच ऑइल एका बारीक नळीनं टर्बोत येतं, बुशातून जातं आणि खालच्या जाड नळीनं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत पडतं. हे ऑइल दोन कामं करतं. दांड्याला आधार देतं, आणि तिथली उष्णता उचलून नेतं. दुसरं काम बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. काही टर्बोंना पाण्याचीही लाइन असते, पण अवजड गाड्यांमध्ये मुख्य भिस्त ऑइलवरच.

तुम्ही चावी फिरवता तेव्हा इंजिन थांबतं, इंजिन थांबलं की ऑइलचा पंप थांबतो. दांडा काही सेकंद सुटा फिरत राहतो, ताजं ऑइल नसताना. हे वाईट, पण याहून वाईट पुढे आहे. धुराकडचं बीड आणि मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा पाइप) अजून तापलेलेच असतात. त्यांची उष्णता न्यायला आता ऑइल वाहत नाही, म्हणून ती हळूहळू मधल्या भागात शिरते. इंजिन बंद केल्यावर बुशाचं तापमान उतरत नाही, उलट काही मिनिटं चढतं. घरी बिडाच्या तव्यावर थालीपीठ लावा, गॅस बंद करून फोन घ्यायला जा, आणि परत येऊन बघा. खालून काळं झालेलं असतं. आच नाही, पण बिडानं धरून ठेवलेली धग आहे. टर्बोत थालीपिठाच्या जागी ऑइल असतं. ते करपतं, त्याची कडक काळी खपली बुशावर, दांड्यावर आणि बारीक नळीत बसते. रोज थोडी. नळी आतून अरुंद होत जाते, बुशाला ऑइल कमी पडतं, दांडा ढिला होतो, आणि एक दिवस चक्राची पाती घराला, म्हणजे टर्बोच्या बाहेरच्या आवरणाला, घासतात.

एका वेळेच्या चुकीनं टर्बो जात नाही, हे पण सांगून ठेवतो. घाईत एकदा बंद केली म्हणून रात्रभर जागू नका. सवय टर्बो मारते.

उस्तादांची शेवटची रेस

ज्यांच्याकडून आपण गाडी शिकलो, ती पिढी बिनटर्बोच्या गाड्यांवर तयार झाली. तेव्हाच्या टाटा आणि लेलँड गाड्यांत डॅशखालचा स्टॉपर ओढला की गाडी बंद, विषय संपला. थांबायचं कारणच नव्हतं. १९९३ मध्ये टाटा आणि इंजिनं बनवणारी अमेरिकन कंपनी कमिन्स यांची जमशेदपूरची कंपनी उभी राहिली, कमिन्सची बी सिरीजची इंजिनं टाटाच्या गाड्यांत बसू लागली, पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि बघता बघता टर्बो सगळीकडे आला. गाड्या बदलल्या, हातांच्या सवयी तशाच राहिल्या.

त्यातली सर्वांत घातक सवय म्हणजे बंद करण्याआधी मारलेली एक जोरदार रेस. घुर्रर्र करून चावी. कोणी म्हणतं सकाळी सेल्फ लवकर लागतो, कोणी म्हणतं हवेच्या टाक्या भरून राहतात, बहुतेकांकडे उस्तादानं असंच शिकवलं एवढंच कारण असतं. रेस मारली की टर्बो पुन्हा वेग पकडतो, आणि नेमका तो वेगात असतानाच तुम्ही त्याचं ऑइल तोडता. पाच मिनिटं थांबून शेवटी रेस मारणारा माणूस मी पाहिला आहे. त्या पाच मिनिटांचं पुण्य त्यानं तिथल्या तिथे धुतलं.

हवा भरायची असेल तर गाडी उभी केल्या केल्या थोडी रेस ठेवून भरून घ्या, मग स्लोवर, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन चालतं त्या कमीत कमी वेगावर, सोडा. आधी रेस, मग स्लो, मग चावी. हा क्रम उलटायचा नाही.

रस्त्यावरच सुरुवात करा

लोकांना वाटतं की गाडी उभी करायची आणि मग थंड करायची. खरं तर ती थंड करत करत आणायची असते. उभ्या गाडीची तीन मिनिटं आणि हळू चाललेले शेवटचे तीन किलोमीटर यांत मला निवड करायला लावली तर मी किलोमीटर निवडेन. हलक्या पायानं चालणाऱ्या गाडीत ऑइलचा दाब चांगला असतो, पाणी जोरात फिरतं, समोरून वारा लागतो, आणि धूर तेवढा गरम नसतो. टर्बो थंड करायला याहून चांगली सोय उभ्या गाडीत नाही.

म्हणून ढाबा कुठला ते आधी ठरवा. पाटी दिसल्यावर करकचून ब्रेक मारून आत घुसायचं नाही. तीन-चार किलोमीटर आधीच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, वरच्या गिअरमध्ये गाडी आरामात येऊ द्या, ओव्हरटेकचा मोह टाळा. एवढं केलं की ढाब्यावर एखाद-दोन मिनिटांत काम होतं.

उतार मिळाला तर सोन्याहून पिवळं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढलात आणि माथ्यावरच थांबलात, तर टर्बो भट्टीसारखा तापलेला असतो. तीच गाडी गिअरमध्ये ठेवून पलीकडे सुरूरच्या बाजूला उतरवलीत आणि तिथे थांबलात, तर अर्ध्याहून जास्त काम घाटानंच केलेलं असतं. गिअरमध्ये उतरताना इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही, नुसती हवा आत येते आणि टर्बोतून बाहेर पडते. चहा माथ्यावर न पिता खाली प्या, एवढाच फरक.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. डिझेल वाचवायला म्हणून माथ्यावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद, चार ब्रेक मारले की टाकीतली हवा संपायला लागते. पॉवर स्टिअरिंग दगड होतं. इंजिनाचा अडकाव नसल्यानं सगळा भार ब्रेकवर. टर्बोचं नुकसान हा त्यातला सर्वांत छोटा तोटा. अशा ड्रायव्हरला मी गाडी देत नाही, आणि तुमचा उस्ताद असं करत असेल तर उस्ताद बदला.

गाडी उभी केल्यावर

सपाट जागा बघा. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला लाकूड. एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकचं, बटण बंद केलंत का बघा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा आणि इंजिन आपल्या स्लोवर चालू द्या. स्लोवर धुराचं तापमान दीडशे-दोनशे अंशांच्या घरात येतं, ऑइल मात्र वाहतच असतं, म्हणजे दांडा हळू फिरतोय आणि उष्णता बाहेर निघतेय. ऑइलच्या दाबाचा काटा खाली आला म्हणून घाबरू नका. कमिन्सच्या बी सिरीजमध्ये पूर्ण वेगाला निदान ३० पीएसआय लागतो, पण गरम इंजिनाला स्लोवर १० पीएसआयही चालतो. दिवा पेटला नाही ना, एवढं पाहा.

किती वेळ? कमिन्सच्या पुस्तिकांत पूर्ण लोडवर चालवल्यावर ३ ते ५ मिनिटं सांगितलेली असतात, आणि सरधोपट हिशेब म्हणून तो चांगला आहे. पण दरवेळी पाच मिनिटं धरून बसायची गरज नाही. मी असा धरतो:

रिकामी गाडी, शहरातल्या शहरात, सिग्नल-सिग्नल करत आलेली असेल तर अर्धं मिनिट पुष्कळ. गोदामात मागे-पुढे करून लावण्यातच ते निघून जातं. भरलेली गाडी, सपाट हायवे, शेवटचे काही किलोमीटर आरामात आणलेली असेल तर एक ते दोन मिनिटं. हायवेच्या वेगातून सरळ आत घुसलात तर तीन. आणि चढ चढून माथ्यावरच थांबलात, मग ती कसाऱ्यानंतरची घाटनदेवी असो की खोपोलीहून चढून आल्यावरचं खंडाळा-लोणावळा, तर पूर्ण पाच. भर उन्हाळा असेल, मागे वजन जास्त असेल, तर पाचातलं एकही मिनिट कापू नका. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा, माझा नाही.

एक फसवणूक टाळा. पाण्याचा काटा मधोमध आहे म्हणजे टर्बो थंड आहे, असं नवे लोक धरून चालतात. पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून एका पट्ट्यात धरून ठेवतात, घाटात असा नाहीतर सपाटीवर. टर्बो सहाशे अंशांवर असताना पाण्याचा काटा अगदी शहाण्यासारखा मधे उभा असतो. अमेरिकेत बरेच ट्रकवाले धुराचं तापमान दाखवणारं वेगळं घड्याळ बसवतात आणि काटा ३०० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १५० सेल्सिअसच्या खाली आल्यावर बंद करतात. आपल्या गाड्यांत ते घड्याळ सहसा नसतं. मनगटावरचं वापरा.

ही मिनिटं मोबाइलमध्ये घालवू नका, गाडीभोवती एक चक्कर मारा. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐका, जोडचाकांत दगड अडकलाय का बघा, ताडपत्रीची दोरी ओढून पाहा, मागचे दिवे पाहा, खाली ऑइल-पाणी ठिबकतंय का बघा. इंजिन स्लोवर असताना आवाजही नीट कळतो. पट्टा कुईकुई करतोय, हवा कुठे फुसफुसतेय, हे धावत्या गाडीत ऐकू येत नाही. ही चक्कर तीन-चार मिनिटांची होते. चावी मात्र पोराच्या भरवशावर सोडून लांब जाऊ नका.

डिझेलची काळजी करणाऱ्या शेठजींसाठी हिशेब: अवजड ट्रकचं इंजिन स्लोवर तासाला साधारण २ ते ३ लिटर पितं. पाच मिनिटांना पाव लिटर धरा, म्हणजे पंचवीस रुपयांच्या आत. टर्बोचं बिल पाच आकडी असतं, आणि गाडी उभी राहते ते वेगळंच.

मग चावी. रेस नाही, नुसती चावी.

बीएस-६ गाडी असेल तर अजून दोन मिनिटं

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या. त्यांतल्या बहुतेक अवजड डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाची टाकी असते. खरं नाव डीईएफ, पण पंपावर सगळे युरियाच म्हणतात, आणि त्यात युरिया असतोही, ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. चावी बंद केल्यावर त्याचा पंप मिनिटभर घरघरतो. नळीत आणि फवाऱ्यात राहिलेलं पाणी तो टाकीत मागे ओढून घेत असतो. ते आत राहिलं तर सुकून पांढरे खडे होतात आणि फवारा बुजतो. म्हणून बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी तोडणारा खटका, लगेच पाडू नका. घरघर थांबू द्या, वर मिनिटभर द्या, मग पाडा. रात्री कट-ऑफ पाडायची सवय चांगलीच आहे, फक्त ती चावीच्या पाठोपाठ नको.

दुसरं, या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. जाळी भरत आली की गाडी आपणहून तिच्यातली काजळी जाळते. तेव्हा तिथलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जातं, आणि डॅशवर तसा दिवा लागतो. हे चालू असताना मधेच बंद करू नका. होईल तितकं पूर्ण होऊ द्या, थांबणं भागच असेल तर निदान काही मिनिटं स्लोवर ठेवा. आणि अशी तापलेली गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचटावर लावू नका. उसाच्या फडात गाडी घालणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

जिथे वेळच मिळत नाही

डिझेल पंपावर इंजिन बंद ठेवावं लागतं, आणि ठेवायलाच हवं. तिथे नोझलसमोर पाच मिनिटं घुरघुरत बसलात तर मागचे ड्रायव्हर आणि पंपावरची माणसं दोघंही बोलतील. पंप दिसला की लांबूनच हळू व्हा. घाट चढून थेट पंपावर येत असाल तर हवा भरायच्या बाजूला किंवा बाहेरच्या पट्ट्यात दोन-तीन मिनिटं उभे राहा, मग रांगेत शिरा. रांग असेल तर ती आपलंच काम करते.

घाटात जाम लागला तर ताबडतोब बंद करू नका, तीन-चार मिनिटं स्लोवर राहू द्या. तेवढ्यात जाम सुटला तर ठीक, नाही सुटला तर खुशाल बंद करा. शहरातल्या लांब सिग्नलला बंद करण्याबद्दल विचाराल तर जरूर करा. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचा टर्बो तापलेला नसतो.

आणि चढावर क्लच चुकून गाडी बंद पडली तर? नव्या हातांकडून हे हमखास होतं, लाजू नका. ब्रेक धरा, मागे कोणी नाही ना बघा आणि लगेच सेल्फ मारा. ऑइल पुन्हा वाहू लागेल. खाली उतरून डोकं खाजवण्यात पाच मिनिटं घालवलीत तर ती थेट टर्बोच्या खात्यावर पडतात.

इथे मात्र थांबायचं नाही

काही वेळा टर्बो गेला खड्ड्यात, इंजिन आधी बंद. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी बाजूला घ्या आणि बंद करा. ऑइलच वाहत नसेल तर स्लोवर ठेवून टर्बोही वाचणार नाही आणि इंजिनही. जळका वास, आग, अपघात, डिझेलची गळती, इथेही विचार करायचा नाही.

पाणी तापलं तर थोडा फरक आहे. काटा चढतोय पण पाणी गळत नाही, वाफ येत नाही, तर लोड कमी करा, बाजूला घ्या आणि स्लोवर फिरू द्या, पाणी खाली येतं. होज (रबरी पाइप) फुटला, पाणी सगळं गेलं, तर बंद. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

एक विचित्र प्रकार क्वचित घडतो. टर्बोचं सील फाटून इंजिनाचंच ऑइल हवेच्या वाटेनं आत जातं, इंजिन तेच जाळत सुटतं, रेस आपोआप वाढते आणि चावी बंद केली तरी गाडी बंद होत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून मोठ्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि गाडी कोंडून बंद पाडा. हवेच्या पाइपवर हात ठेवायला जाऊ नका, ते इंजिन हात ओढून घेतं. जमलं नाही तर लांब व्हा.

उलट टोकाची चूक

पाच मिनिटं चांगली, म्हणजे तासभर अजून चांगलं, असं नाही. एसीसाठी किंवा नुसत्या आळसापोटी गाडी स्लोवर ठेवून झोपणारे आहेत. स्लोवर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. टर्बोत हवेचा दाब नसल्यानं सीलमधून ऑइल झिरपायला लागतं. बीएस-६ गाडीची जाळी काजळीनं भरते. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर टर्बो निवाला की बंद करा. उभ्या गाड्यांच्या रांगेत केबिन बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपणं तर जिवाशी खेळ आहे.

सकाळी सुरू करताना उलटा हिशेब. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं. सेल्फ मारल्या मारल्या रेस नको, अर्धं-एक मिनिट स्लोवर राहू द्या, मग पहिले काही किलोमीटर हलक्या पायानं. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर तर हे विसरूच नका, तेव्हा फिल्टर भरेपर्यंत टर्बो कोरडाच फिरतो. ऑइल वेळेवर बदला, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जुनं, काळं, पातळ झालेलं ऑइल लवकर करपतं, मग तुमची पाच मिनिटंही कमी पडतात.

गेलाय की नाही, कसं कळतं

चढावर ओढ कमी झाली आणि काळा धूर वाढला, तर आधी हवेचे होज आणि क्लिप तपासा, एअर फिल्टर बघा. अर्ध्या वेळा दोष तिथेच निघतो आणि टर्बो बिचारा निर्दोष असतो. निळा धूर आणि ऑइल कमी होणं हे जास्त वाईट लक्षण. नेहमीची बारीक शिटी जाऊन सायरनसारखा आवाज यायला लागला तर गाडी ओढत नेऊ नका.

इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना हवेच्या बाजूचा होज काढून चक्र बोटांनी हलवून बघता येतं. ते सहज फिरायला हवं. किंचित वरखाली हलणं ठीक आहे, तेलाला तेवढी जागा लागतेच. पण आत-बाहेर हललं, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर फिटरकडे.

आणि फिटरनं नवा टर्बो बसवायला घेतला की त्याच्याजवळ उभे राहा. ऑइलची बारीक नळी नवी घाला म्हणा, जुनी धुऊन लावतो म्हणाला तरी ऐकू नका. नवा टर्बो लावण्याआधी त्यात स्वच्छ ऑइल ओतून चक्र हातानं फिरवायला सांगा. माझा दुसरा टर्बो पंधरा दिवसांत गेला होता. खोलून पाहिलं तेव्हा टर्बो नवाकोरा, बुश मात्र कोरडे पडून झिजलेले. जुनी नळी उलटी धरून आपटली, तर आतून काळ्या खपल्यांचा चुरा हातावर पडला.